झाडपाल्याची वही



या व्याख्यानासाठी मी मुद्दाम आपल्या बांधावरचा विषय निवडला आहे. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या जालना जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांत झाडपाल्याच्या औषधांची माहिती आजही माणसांच्या तोंडी आहे. ती कुणी लिहावी, कशी लिहावी आणि लिहून झाल्यावर ती वही कुणाच्या ताब्यात राहावी, एवढ्याच प्रश्नांवर मी आज बोलणार आहे.

औषधी वनस्पती म्हटले की लोकांना सह्याद्री आठवतो, मेळघाट आठवतो. जालन्यात जंगल आहेच किती? उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार, मधे वनखात्याचे विखुरलेले तुकडे, पूर्णा-दुधनेचे काठ, दक्षिणेला गोदाकाठ आणि गावोगावची गायराने, बस्स. पण आपल्याकडचे औषध जंगलात शोधायचेच नाही. ते बांधावर असते, कपाशीच्या ओळीत असते, पडीक रानात असते. तरवड, टाकळा, रुई, हिवर, निंबावर चढलेला गुळवेल, काटेरी कुंपणातली शतावरी ही आपली संपत्ती. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. मराठवाड्यात कोणती वनस्पती उगवते याची शास्त्रीय नोंद त्यामुळे आपल्या हाती आहे. त्या वनस्पतीचे काय करायचे हे ज्यांना माहीत आहे, त्यांची नोंद मात्र अजून व्हायची आहे.

ही माहिती बहुतांशी बायकांकडे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. खुरपणी बायका करतात. पावसाळाभर वाकून एकेक रोप ओळखायचे, काय उपटायचे आणि काय राखायचे हे हाताने ठरवायचे. कुठली भाजी बाळंतिणीला चालते, कुठला पाला जनावराच्या पोटफुगीला देतात, हे सासूने सुनेला त्या ओळीतच सांगितलेले असते. गेल्या काही वर्षांत तणनाशक आले, खुरपणी कमी झाली. मजुरी परवडत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण तणनाशकाने वनस्पती मरते, आणि तिची ओळख पुढच्या पिढीला करून देण्याचा प्रसंगही जातो. म्हणून या कामाला घाई आहे, हे मला मान्य आहे. घाईतच अन्याय होतो, हेही तितकेच खरे आहे.

एका साध्या वनस्पतीपासून सुरुवात करतो. कोणी तिला दगडीपाला म्हणतात, कोणी कंबरमोडी, कोणी एकदांडी. विळा लागला की शेतात कुणीही तिचा पाला चुरगळून जखमेवर दाबतो. जनावरांवरच्या प्रयोगांत तिच्या रसाने जखम भरायला मदत होते, असे दिसले आहे. आता गंमत अशी, की ही वनस्पती मूळची आपली नाही, अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली आहे. चरकसंहितेत किंवा सुश्रुतसंहितेत ती सापडण्याचा प्रश्नच येत नाही. कुणा पंडिताने पोथीत पाहून हे औषध सांगितलेले नाही. शेतात राबणाऱ्या माणसांनी परक्या रोपाची पारख केली, अनुभव घेतला आणि शेजाऱ्याला सांगितला. परंपरागत ज्ञान जुनेच असते, पोथीतच असते, हा समज या एका तणाने खोटा ठरतो. ते ज्ञान जिवंत आहे आणि आजही घडते आहे.

ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. भारतीय कंपनीला जैविक संसाधन व्यापारासाठी घ्यायचे असेल, तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते आणि लाभाचा वाटा द्यावा लागतो, अशी त्यात व्यवस्था आहे. भारतीय कंपन्यांनाही वाटा चुकवता येणार नाही, असे दिव्य फार्मसीच्या प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. पुढे २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तिने ग्रंथबद्ध परंपरागत ज्ञानाला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना या अटीतून सूट दिली. परिणाम असा, की कायद्याचे जे काही संरक्षण उरले आहे ते मुख्यतः तोंडी ज्ञानाला, खुरपणीच्या ओळीतल्या आणि वैदूच्या झोळीतल्या ज्ञानाला उरले आहे. तेव्हा आपण जे लिहू ते कुठे आणि कसे लिहू, यावर पुढे फार काही अवलंबून राहील.

लिहिण्याची ताकद आपण पाहिलेली आहे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले पुरावे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. लिहिलेले होते म्हणून हळद वाचली. यातून २००१ साली परंपरागत ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले औषधयोग त्यात परकी भाषांत आणून ठेवले गेले.

आता एक बाब नीट लक्षात घ्या. हे ग्रंथालय ज्या पोथ्यांवरून तयार झाले त्या आधीच छापलेल्या, बाजारात मिळणाऱ्या. तरीसुद्धा सरकारने ते सगळ्यांना खुले केले नाही. परदेशी पेटंट कार्यालयांनाही ते गोपनीयतेच्या कराराखाली दिले. एकत्र केलेले ज्ञान कुलुपात ठेवावे लागते, हे दिल्लीला पटले. मग जे ज्ञान कधीच छापले गेले नाही, ते आपल्या गावातून गोळा करून प्रबंधाच्या परिशिष्टात, शोधनिबंधाच्या तक्त्यात, मोबाइलच्या चित्रफितीत उघड्यावर मांडताना आपण क्षणभरही का थांबत नाही? वनस्पतीचे नाव, कुळ, उपयोगी भाग, आजार, मात्रा, सगळे एका ओळीत. सांगणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. शेवटी ‘स्थानिक लोकांचे आभार’ असतात. ते लोक कोण, त्यांनी काय ऐकून होकार दिला आणि छापलेला कागद त्यांच्यापर्यंत परत गेला का, याची नोंद कुठेही नाही.

संमती हा सोपा शब्द नाही. केरळातल्या काणी आदिवासींची हकीकत यासाठी समजून घ्यायला हवी. १९८७ साली डॉ. पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी अगस्त्य डोंगरांत फिरत होते. सोबतचे काणी तरुण वाटाडे मधूनमधून एक लहानसे फळ खात आणि थकत नसत. शास्त्रज्ञांनी विचारले. वाटाडे आधी सांगेनात, कारण ते जमातीचे गुपित होते. शेवटी त्यांनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले. १९९५ साली कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याचा परवाना मिळाला. परवान्याचे दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरले, आणि त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले. १९९७ साली काणींचा न्यास नोंदवला गेला. जगभर या कराराचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. तोवर असा वाटा क्वचितच कुणी देत होते.

पण जमातीत सगळे समाधानी नव्हते. जे पारंपरिक वैद्य हे ज्ञान सांभाळत होते, त्यांच्यातल्या काहींनी हरकत घेतली. दोन-तीन तरुणांनी वाटेत सांगितले म्हणजे साऱ्या जमातीने दिले, असे होते का? शिवाय वनखात्याने वनस्पती गोळा करण्याला अडसर घातला, त्यामुळे पुरवठ्याचे उत्पन्नही काणींना हवे तसे मिळाले नाही. हेतू चांगला होता, वाटाही ठरला होता, तरी पहिला होकार कुणाचा घ्यायचा हा प्रश्न सुटला नव्हता. हेच आपल्याकडे आणून पाहा. अंबडच्या बाजारात बसलेल्या एका वैदूने मुळी दाखवली, तर त्याच्या सगळ्या समाजाच्या वतीने त्याने होकार दिला, असे मानायचे का? मला तसे मानता येत नाही.

वैदूंचा उल्लेख झालाच आहे, तर त्यांच्याविषयी जरा अधिक बोलतो. आपल्या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव त्यांच्या बाबतीत दिसते. कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांशी सल्लामसलत करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. ही सगळी रचना गावाच्या शिवेवर आधारलेली आहे. वैदू भटक्या जमातीतले. मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारा तांड्यावरचा बंजारा, यांचे ज्ञान अनेक शिवारांतून गोळा झालेले. कुठल्या गावची नोंदवही त्यांची? ज्या गावात वैदूची पाले पडतात त्या गावच्या समितीत तो नसतो, आणि तो गेल्यावर त्याने सांगितलेली मुळी ‘गावाचे ज्ञान’ म्हणून वहीत चढते. उद्या लाभाचा पैसा आलाच तर तो गावच्या समितीकडे जाईल, ज्याचे ज्ञान त्याच्याकडे नाही. राज्य मंडळाने नोंदवहीच्या नमुन्यात फिरत्या समाजांसाठी वेगळी जागा ठेवावी आणि त्यांच्या पंचांना विचारल्याशिवाय ती भरू नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

या नोंदवह्यांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. कायद्यानंतर कितीतरी वर्षे काम रेंगाळले. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळच २०१२ साली नागपूरला स्थापन झाले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि ती चुकल्यास राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. देशातल्या समित्यांची संख्या काही हजारांवरून दोन लाखांच्या वर गेली. लवादाचा हेतू योग्यच होता. पण नोंदवही प्रामाणिकपणे करायची तर निदान एक पूर्ण वर्ष लागते, कारण आषाढातले तण चैत्रात दिसत नाही. मुदतीच्या धास्तीने भरलेल्या वहीत शेजारच्या तालुक्याची यादी उतरते. जाणत्या बाईला कुणी विचारलेले नसते, आणि आपल्या गावात अशी समिती आहे हे कितीतरी सदस्यांनाच माहीत नसते. पद्मभूषण माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात लोकांच्या नोंदवहीची कल्पना मांडली, तेव्हा ती लोकांनी लोकांसाठी करायच्या अभ्यासाची होती. रकाने भरण्याच्या कामाला त्यांनी ते नाव दिलेले नव्हते.

जालन्याला हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. आपले शहर बियाण्याचे शहर आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली. २०१० साली बंगळूरच्या एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुपने तक्रार केली, की बीटी वांग्यासाठी स्थानिक वाण घेताना स्थानिक लोकांना आणि मंडळाला विचारलेले नाही. २०११ साली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला. त्यात महिकोचेही नाव होते आणि एका कृषी विद्यापीठाचेही. दोष कुणाचा, हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे. मला एवढेच दाखवायचे आहे, की वांग्याच्या बीमागे एखाद्या गावाची कितीतरी पिढ्यांची निवड असते, आणि तिला विचारायला हवे ही गोष्ट या देशात आता कायद्याच्या पातळीवर मान्य झाली आहे.

माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहावे की लिहू नये, याबद्दल मी बरेच दिवस विचार करतो आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात ज्यांनी माहिती दिली त्या वैद्यांची निवेदने छापली आहेत. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचे निवेदन नागरी अक्षरांत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी हा ग्रंथ करवून घेणाऱ्या एका डच अधिकाऱ्याला जे सुचले, ते आज पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्याला का सुचू नये? आणि आपल्याच भोकरदनच्या, म्हणजे प्राचीन भोगवर्धनच्या, दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेतच. देणाऱ्याचे नाव दगडावर राहते, मग कागदावर का राहू नये?

तरी प्रत्येकाला नाव हवेच असेल असे गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा १९६१ चा आहे. नोंदणीशिवाय उपचार करणाऱ्यावर त्याखाली कारवाई होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. हे कायदे लोकांच्या जिवासाठी आहेत आणि मला ते हवे आहेत. पण एखाद्या म्हाताऱ्याचे नाव, गाव आणि तो काय देतो हे छापताना उद्या त्याच्या दारात कोण उभे राहील, याचा विचार लिहिणाऱ्याने करायचा आहे. मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावर सुईणपण केलेल्या एका वृद्धेला मी विचारले, “याडी, हे लिहून घेऊ का?” ती म्हणाली, “लिही, पण त्या मुळीचं नाव नको. सांगून टाकलं की औषधाचा गुण जातो.” मी मुळीचे नाव लिहिले नाही. शास्त्राच्या विद्यार्थ्याला ही श्रद्धा खटकेल. पण असे गुपित राखल्यानेच कितीतरी दुर्मीळ कंद आजवर खणून संपलेले नाहीत, हेही त्याने पाहावे.

याची दुसरी बाजू जिवाशी संबंधित आहे, आणि तिच्यात मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत किडामार नावाची वेल उगवते. जंतांवर तिचा पाला देतात. या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून या कुळातली एक चिनी वनस्पती पोटात गेली आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा गंभीर बिघडली. पुढे कितींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातले आहे. एखादी आजी लेकरांना किडामार देते, अशी नोंद मी करीन आणि तिला हे सांगणार नाही, तर मी तिचा अपराधी ठरेन. माहिती घेऊन जायची आणि धोक्याची माहिती परत आणायची नाही, हा सगळ्यांत मोठा अनैतिक व्यवहार आहे. कळलावी, धोतरा, गुंज यांच्याबाबतही मात्रा छापणे म्हणजे अजाण वाचकाच्या हातात विष देणे आहे.

खेड्यातले दुखणे गांभीर्याने लिहून काढले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच जन्मले. देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला नोकरीला गेले. विंचूदंशाचे रोगी त्यांनी खाटेशी बसून पाहिले, लक्षणे नोंदवली आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात मांडली. प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू चाळीस टक्क्यांच्या आसपास होते ते एका टक्क्यावर आले. ती माहिती पुन्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, जिथून रोगी आला तिथेच. झाडपाल्याच्या नोंदीची कसोटीही मी हीच धरतो.

मग काम करायचे कसे? गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून, बाहेरच्याबरोबर बसून, स्वतः शिकून निर्णय घ्यायची रीत घातली. आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आपल्यालाही लिहिता येईल. आधी ग्रामसभेत, तांड्यावर, पालांवर जाऊन काय करणार, पैसे कुणाचे, छापणार कुठे, हे मराठीत आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगावे. विचार करायला वेळ द्यावा. खुरपणीच्या हंगामात बाईचा दिवस घेतला तर तिची मजुरी द्यावी. ही दया नाही, तिचा हक्क आहे. मुळी उपटून नेऊ नये, फांदीचा नमुना दाबून तालुक्याच्या महाविद्यालयात ठेवावा. लिहिलेले सगळे गावात मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ज्याला जे खोडायचे ते खोडू द्यावे. छापून झाल्यावरही कुणी शब्द मागे घेतला, तर पुढच्या आवृत्तीतून तो काढावा. मूळ वही गावात राहावी. बाहेरच्याने कधी, काय पाहिले याची नोंद ठेवायला कायद्याने समितीला सांगितलेलेच आहे. ती रोजनिशी खरोखर ठेवावी. समितीत एक तृतीयांश बायका असाव्यात असे नियमात आहे. सह्यांपुरत्या नकोत, खुरपणी केलेल्या हव्यात.

या सभागृहात महाविद्यालयांचे प्राध्यापक आहेत, सरपंच आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत. प्राध्यापकांना माझी विनंती, की विद्यार्थ्याचा प्रबंध स्वीकारताना गावाने वाचून दिलेल्या मान्यतेचा कागद मागा आणि तो नसेल तर प्रबंध परत पाठवा. आणि तुम्हा सर्वांना विनंती, की २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारा: आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही कुठे आहे, तिच्यात काय लिहिले आहे, आणि ते कुणाला विचारून लिहिले? वही बाहेर काढायला लावा आणि सगळ्यांसमोर वाचायला लावा.